लंगडी आली का?

सरांच्या दुकानाला पाटी नव्हती. दाराच्या चौकटीला ट्रकचा एक जुना हॉर्न बांधलेला आणि खाली बटण. काम असलं की बटण दाबायचं. उमरग्यात हायवेवर दिवसभर हॉर्न वाजतच असतात, त्यात हा एक आत कसा कळणार असं मला वाटायचं. पण सरांना कळायचा. त्यांना सगळेच कळायचे! टेबलावरनं मान न उचलता मध्येच म्हणायचे, "हा माझा." म्हणजे आत्ता नळदुर्गाकडं जो ट्रक गेला, त्याचा हॉर्न त्यांनी दुरुस्त केलेला. एकदा मी मुद्दाम पुढच्या धाब्यापर्यंत स्कूटी पळवली आणि ड्रायव्हरला विचारून आले. खरंच त्यांचाच होता! परत येऊन सांगितलं तर म्हणाले, "मग? म्या काय खोटं सांगायलो होतो?"

सर आयटीआयचे रिटायर्ड मास्तर. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. रिटायर झाल्यावर हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं. इन्व्हर्टर, शेतातल्या मोटारीचे मोबाईल स्टार्टर, ट्रकचे हॉर्न, काय येईल ते. तुम्ही आत गेलात आणि ते काही मोजत असले तर नुसतं एक बोट वर करायचे. बोट खाली येईपर्यंत बोलायचं नाही. आमदाराचा माणूस आला तरी बोट. काकू चहा घेऊन आल्या तरी बोट. काकू चहा तिथंच ठेवून म्हणायच्या, "लग्नातबी अंतरपाटापलीकडनं बोटच दाखवलं होतं यांनी." आणि बोट खाली आलं की गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कायम एकच, "शेवटचं कवा चांगलं होतं?"

काय बिघडलंय हे विचारायचेच नाहीत. शेवटचं चांगलं कधी होतं, आणि त्यानंतर काय काय झालं. बस.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले तेव्हा मला या प्रश्नानं रडूच आलं. कारण सांगते.

मी तेव्हा सास्तूरच्या अलीकडं एका गावातल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. कंत्राटी. शाळेला कॉम्प्युटर घ्यायचे ठरले तेव्हा मीच मुख्याध्यापकांना एका छोट्या कंपनीचे बोर्ड सुचवले. मीच! तळहाताएवढा बोर्ड, पंखा नाही, वीज कमी खातो, लाईट गेली तरी बॅटरीवर चालतो. तीस घेतले. वर्षभर एकदम मस्त चालले. मग कंपनी बंद पडली, आणि त्या बोर्डातली कंपनीची सिस्टिम चालू होताना दर वेळी कंपनीच्या सर्व्हरला विचारायची, "उठू का?" आता उत्तर द्यायला तिकडं कुणीच नाही. तीसच्या तीस स्क्रीनवर नुसतं कंपनीचं चित्र.

दुसरी सिस्टिम टाकावी म्हटलं, तर बोर्डातलं फर्मवेअर टाकू देईना. फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. तो मेमरी उठवतो, डिस्क शोधतो, मग बाकीच्यांना हाका मारतो. आमचा कंपनीशिवाय कुणालाच हाक मारत नव्हता.

पोरांनी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढले होते. स्केचपेननं. मी फळ्यावर लिहायचे आणि ती पुठ्ठ्यावर टाइप करायची. सातवीतली एक पोरगी एका दिवशी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, एंटर दाबलं. आता?"

मी पुढची ओळ फळ्यावर लिहिली.

मुख्याध्यापक चांगला माणूस, ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, दिवाळीच्या सुट्टीआधी जुने बाक न्यायला भंगारचा टेम्पो येणार हाय. तोवर चालू झाले तर ठीक. न्हायतर हेबी त्याच्यातच टाकू. खोलीत तांदळाची पोती तरी ठेवता येतील." तेव्हा नुकताच श्रावण लागला होता.

तर अशी मी पिशवीत एक बोर्ड घेऊन सरांपुढं. त्यांनी विचारलं, "शेवटचं कवा चांगलं होतं?" आणि मी भडाभडा सगळं सांगितलं. इंटरनेटवर खुलं फर्मवेअर असतं, फुकट असतं, कोड सगळ्यांना बघता येतो, आपल्या प्रोसेसरसाठी आहे पण आपल्या बोर्डासाठी नाही, ते आपल्या बोर्डाला बसवायचं म्हणजे त्याला पोर्ट करणं म्हणतात, मला सॉफ्टवेअर येतं पण बोर्डाचं काही कळत नाही, आणि दिवाळीपर्यंत…

सरांनी बोट वर केलं. बोर्ड उचलला, भिंग लावलं, पाचेक मिनिटं बघितला.

"जुनं उतरून ठिवलंस का?"

"म्हणजे?"

"ह्या चिपमदी आता जे हाय, ते. नवं घालायच्या आधी जुनं जपून ठिवावं. परत यायला वाट ऱ्हायला पायजे."

आणि त्यांनी ट्रकच्या वायरिंगच्या ढिगातनं आठ दातांचा एक बारीक चिमटा काढला, फर्मवेअर ज्या आठ पायांच्या चिपमध्ये असतं तिला लावला. मी लॅपटॉप जोडून जुनं उतरवून घेतलं. मला वाटलं आता धडाधड सुरू करायचं. तर त्यांनी आधी बांधीव वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पानाच्या वर लिहिलं, "एका टायमाला एकच."

हा त्यांचा कायदा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, मग दुसरी. मी पाच गोष्टी एकदम बदलणारी! ते म्हणायचे, "पोरी, तुझी बोटं म्होरं पळतात आन् डोकं मागनं चपला शोधत येतंय."

आमचं भांडण मात्र पहिल्याच आठवड्यात झालं आणि ते मी जिंकलं, हे मला सांगायचंच आहे. सरांच्या टेबलावर घोंगडी अंथरलेली असायची. काळी, त्यांच्या वडलांची. त्यावर बोर्ड! लोकर! कोरड्या हवेत लोकरीवर हात घासला की चट्‌कन ठिणगी उडते, ती आपल्याला नुसती टोचते पण चिपचा जीव घेऊ शकते. मी किंचाळलेच. सर म्हणाले, "तीस वर्सं, नोकरीत असतानाबी घरी ह्याच्यावरच करायलोय." मी म्हटलं, "तीस वर्षं हॉर्न केले असतील सर, हॉर्नला काय होतंय!" बोट वर झालं. दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर पुठ्ठा होता आणि घोंगडी खुर्चीवर, तिच्यावर सर. म्हणाले, "आता ठिणगी उडाली तर माझ्यात उडंल."

घोंगडीवरनं मेंढरं निघाली आणि मेंढरांवरनं आमचं काम.

अडचण अशी होती की नवं फर्मवेअर चढवलं की बोर्ड मेल्यासारखा पडायचा. स्क्रीन काळी. आत काहीतरी चालू होतं, पण कुठवर जाऊन थांबतंय ते कळेना. सरांनी विचारलं, "आत किती जण उठतात? कोण कुणाच्या मागनं?" मी क्रम सांगितला. आधी प्रोसेसर, मग घड्याळ, मग व्होल्टेज, मग मेमरी, शेवटी डिस्क.

"मग जो बाहेर निघंल त्यानं नाव सांगून निघावं की."

सरांचे वडील मेंढरं घेऊन पार कर्नाटकात जायचे. सकाळी वाडग्यातनं, म्हणजे काट्यांच्या कुंपणातनं, मेंढरं सोडताना फटीएवढीच वाट ठेवायची, एका वेळी एकच बाहेर येईल अशी. लहानपणी सर त्या फटीशी उभे राहून नावं घ्यायचे. नावं बंद झाली की कळायचं कोण आत राहिलं. मी कोडमध्ये प्रत्येक पायरीनंतर नाव छापायची ओळ घातली. बोर्डातनं एक बारीक वायर काढली, ती लॅपटॉपला, म्हणजे नावं माझ्या स्क्रीनवर दिसतील. मी नुसते आकडे टाकणार होते, पण सर अडून बसले. "आकड्यानं हाक मारल्यावर कोणतं मेंढरू येतंय?"

म्हणून त्यांच्या मेंढरांचीच नावं, काळी, बांडी, मोरी, लंगडी, म्हातारी. काळी म्हणजे प्रोसेसर उठला. बांडी म्हणजे घड्याळ. मोरी म्हणजे व्होल्टेज. लंगडी म्हणजे मेमरी, कारण ती सगळ्यात अवघड. आणि डिस्क म्हणजे म्हातारी, ती कायम शेवटी यायची, आली की कळप पूर्ण. इंग्रजी अक्षरांत लिहिली, बाकी तशीच.

ज्या दिवशी स्क्रीनवर पहिल्यांदा KALI उमटलं, त्या दिवशी मी दुकानाबाहेर जाऊन हॉर्न दाबत सुटले. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर बघायला आला. सर आतनं म्हणाले, "एकच मेंढरू आलंय. वरात आल्यागत काय करायलीस?" पण वहीत त्यांनी त्या दिवशी तारखेखाली दोन रेघा मारल्या होत्या, मी नंतर बघितलं.

बांडी आली. मोरी आली. आणि लंगडी येईचना. महिनाभर.

मेमरीला किती वेगानं विचारायचं, उत्तराची किती वाट बघायची, असे पन्नास-साठ आकडे असतात आणि ते त्या चिपला बरोब्बर लागतात. ते कंपनीच्या जुन्या फर्मवेअरमध्ये कुठंतरी असणारच. मी ते उकरत बसले. शाळा सुटली की स्कूटी, दुकान, रात्री आठ वाजेपर्यंत. मी आत शिरायच्या आधीच काकू विचारायच्या, "लंगडी आली का?" गिऱ्हाइकं विचारायला लागली! एक ट्रकवाला हैदराबादला जाताना विचारून गेला आणि परत येताना पेढे घेऊनच आला, तरी आली नव्हती. पेढे आम्ही खाल्ले. सर म्हणाले, "उधारीवर आनंद."

जगभरची जी माणसं तो खुला कोड सांभाळतात, त्यांना मी ईमेल करायचे. त्यातले एकजण आमचं बघायचे, लांबच्या देशातले, वयस्कर असावेत. मी तिकडची रीत म्हणून सरळ मुद्द्याचं लिहायचे. सरांनी एक मेल वाचायला लावला आणि ऐकून हादरले. "प्रकृती इचारली न्हाईस? माणसाकडनं काम घ्यायलीस आन् कसे आहात म्हणून इचारत न्हाईस?" मी लाजत लाजत पुढच्या मेलात पहिली ओळ लिहिली, "आपली तब्येत बरी असेल अशी आशा." उत्तर आलं! आधी चार ओळी पाठदुखीच्या, मग मेमरीच्या. त्यानंतर प्रत्येक मेलात सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पाठ कशी हाय ते इचार आधी. एरंडाचं तेल सांग." मी सांगितलं. तिकडं एरंडाचं तेल मिळतं, असं त्यांनी कळवलं.

आणि दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी मला जुन्या फर्मवेअरमध्ये आकड्यांचा तक्ता सापडला. घातला. KALI, BANDI, MORI, मग थोडा वेळ काहीच नाही, मग LANGDI! आणि तिच्या मागनं लगेच MHATARI, आणि स्क्रीनवर नवी सिस्टिम! काकूंनी हॉर्न दाबला. सर नुसते खुर्चीतनं उठले आणि घोंगडी झटकून परत बसले.

इथपर्यंत छान आहे ना? आता माझा गाढवपणा.

दिवाळीच्या सुट्टीला बारा दिवस होते. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं, "झालं!" आणि एका दिवसात तीसही बोर्डांवर नवं चढवलं. एकावर तपासलं होतं, बाकी एकोणतीस तसेच. सगळे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, एकाच खोक्यातले. पोरांना बसवलं, बटणं दाबली. निम्मे उठले. निम्मे काळे. आणि काळ्यांतल्या प्रत्येकाला वायर लावली की MORI आणि मग काही नाही.

ती सातवीतली पोरगी काळ्या स्क्रीनपुढं होती. तिनं दप्तरातनं पुठ्ठा काढला.

तीन दिवस मी सरांकडं गेले नाही. काय तोंड दाखवणार? एका टायमाला एकच, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं. चौथ्या दिवशी फोनवर सांगून टाकलं. ते बोट वर करून बसलेत, हे मला फोनवरही दिसत होतं. मग म्हणाले, "कान बघितलेस का?"

"कुणाचे?"

फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सर स्वतः शाळेत! दुकान सोडून कुठं न जाणारा माणूस. खांद्यावर घोंगडी, खिशात भिंग. मुख्याध्यापकांना नमस्कार केला, प्रकृती विचारली, आणि कॉम्प्युटरच्या खोलीच्या उंबऱ्यावर घोंगडी टाकून बसले. मला म्हणाले, "पोरांच्या हातात एकेक बोर्ड दे. कडंला धरायचा, मदी हात लावायचा न्हाय. आन् एकेकानं माझ्यापुढनं बाहेर जायचं."

पहिलं पोरगं आलं. सरांनी भिंगानं बोर्डाचा एक कोपरा बघितला. "डावीकडं." दुसरं. "डावीकडं." तिसरं. "उजवीकडं." पोरांना मज्जा वाटायला लागली, मुख्याध्यापक चष्मा पुसायला लागले. तीस जण गेले. व्हरांड्यात दोन रांगा झाल्या.

"आता बघ, उजव्यातले किती चालतात."

एकही नाही. आणि डाव्या रांगेतला प्रत्येक बोर्ड चालणारा.

सरांनी भिंग माझ्या हातात दिलं. मेमरीच्या चिपा पत्र्याच्या झाकणाखाली होत्या, दिसायच्याच नाहीत. पण झाकणाच्या कोपऱ्याला दोन बारक्या जागा होत्या, तिळाएवढ्या. डाव्या रांगेतल्या बोर्डांवर तीळ, म्हणजे एक बारीक रेझिस्टर, पहिल्या जागी, उजव्यातल्यांवर दुसऱ्या. एवढाच फरक.

"पाण्यावर दोन कळप आले की मिसळतात," सर म्हणाले. "बघणाऱ्याला सगळी मेंढरं सारखीच. पण हरेक धनगर आपल्या मेंढराच्या कानाला आपली खूण करतोय. कान बघितला की भांडण न्हाय, घटकाभरात आपली आपली घेऊन चालू लागायचं. तुझ्या कंपनीनं अर्ध्या बोर्डांत एकाची मेमरी घातली, अर्ध्यांत दुसऱ्याची. पण खूण करून ठिवली. वाईट माणसं नव्हती ती."

मला तेव्हाच आठवलं. जुन्या फर्मवेअरमध्ये त्या तक्त्याच्या खाली अजून एक तक्ता होता. डिट्टो तसाच. कॉपी असेल म्हणून मी सोडला होता. लॅपटॉप उघडून दोन्ही शेजारी ठेवले तर चार आकडे वेगळे. फक्त चार!

"तू वाचलंस न्हाय," सर म्हणाले. "तू टाइप केलंस."

रागानं नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. नंतरचे पाच दिवस मी जन्मात टाइप केलं नसेल इतकं हळू टाइप केलं. त्या तिळाचं टोक प्रोसेसरच्या एका पायाला जात होतं. म्हणजे फर्मवेअरला उठल्या उठल्या स्वतःच बघता येत होतं, आपण कोणत्या कळपातले, आणि त्याप्रमाणं तक्ता निवडता येत होता. एक डावा बोर्ड तपासला, वहीत लिहिलं. एक उजवा तपासला, लिहिलं. मग दुसरा डावा. एका टायमाला एकच. सरांनी प्रत्येक नोंदीपुढं पेन्सिलीनं टिंब दिलं.

टेम्पो आला त्या दिवशी भंगारवाला बाक भरत होता आणि मुख्याध्यापक खोलीच्या दारात उभे. पोरांनी बटणं दाबली. सर उंबऱ्यावर, पाठमोरे. आत न बघता नुसतं ऐकत. ज्याचा उठला त्यानं ओरडायचं, "म्हातारी आली!" हे पोरांनीच ठरवलं होतं. आली, आली, आली, एकदम चारपाच, मग एकटी, मग परत घोळका. सरांची बोटं धोतराच्या काठावर मोजत होती. त्या पोरीचा आवाज मला ओळखू आला. मागं वळले तर तिनं खऱ्या कीबोर्डवर एंटर दाबलं आणि माझ्याकडं बघितलंच नाही, तिला वेळच नव्हता.

"एकोणतीस," सर म्हणाले.

एक नव्हता उठला. भंगारवाल्यानं विचारलं, "तेवढा एक देता का?" सरांनी बोट वर केलं. तो बोर्ड पुठ्ठ्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि एसटीला गेले. मुख्याध्यापकांनी बाक तेवढे नेऊ दिले. सुट्टीनंतर शाळा उघडली तर तिसावा बोर्ड टेबलावर होता, चालू. मेमरीजवळचा सोल्डरचा एक टाका तडकला होता म्हणे. सरांनी नुसतं सांगितलं, "पाय मोडला होता. बांधला."

आमचा कोड त्या खुल्या प्रकल्पात गेला. आत घ्यायच्या आधी त्या पाठदुखीवाल्यांनी विचारलं होतं, ही नावं काय आहेत, आकडे टाकता का? मी सरांचं उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत पाठवलं, आकड्यानं हाक मारल्यावर कोणतं मेंढरू येतंय. दोन दिवसांनी उत्तर आलं, नावं राहू द्या, फक्त कोण कोण ते माहितीत नीट लिहा. सोबत कळवलं होतं, पाठ बरी आहे.

आता मी हैदराबादला फर्मवेअरचंच काम करते. शाळेत माझ्या जागी दुसऱ्या मॅडम आहेत आणि बोर्ड चालू आहेत, मी दर सुट्टीत बघून येते. गेल्या महिन्यात मला एका अनोळखी बाईंचा मेल आला. कुठल्या तरी डोंगरातल्या शाळेत शिकवतात, नकाशात शोधावा लागला इतका लांबचा देश. त्यांच्याकडं तेच बोर्ड, तीच बंद पडलेली कंपनी. आमचा कोड चढवला. लिहिलं होतं, बोर्ड MORI म्हणतो आणि थांबतो, LANGDI येत नाही, मुलं वाट बघताहेत.

मी सरांना फोन लावला. पलीकडं बोट. मग, "आपल्या दोन खुणा बघितल्यात का त्यांनी?"

"बघितल्यात सर. त्यांच्या बोर्डावर तीळच नाही. दोन्ही जागा रिकाम्या."

"मग तिसरा कळप हाय तो," सर म्हणाले, आणि आवाजात असा आनंद, की पाहुणे आलेत! "त्यान्ला सांग, नवं न चढवलेल्या एखाद्या बोर्डातलं जुनं उतरून आपल्याला पाठवा. त्यात तिसरा तक्ता असंल, सावकाश वाच. आन् पोरी…"

"प्रकृती विचारते सर आधी."

तक्ता होता. जुन्या फर्मवेअरमध्ये, तिसरा, सात आकडे वेगळे. मी हळू टाइप केला, दोनदा वाचला, आणि सरांनी प्रकृती विचारलीय असं वर लिहून पाठवला. चार दिवसांनी त्यांचा मेल आला. पहिली ओळ होती, तुम्ही आणि तुमचे सर कसे आहात? आणि खाली फक्त एक शब्द, MHATARI.

मी लगेच फोन केला आणि वाचून दाखवलं. पावलं ऐकू आली, दाराकडं जाणारी. मग हॉर्न वाजला, त्यांच्याच दुकानाचा, लांबलचक, आणि त्यांनी बोट काढलंच नाही.